सहा पायांची बस

थोरल्या लेकीला मुलगी झाली त्याच आठवड्यात, तीस वर्षे बस चालवलेला माणूस जागच्या जागी उभ्या असलेल्या बसमध्ये ओकला.

बादली तिथे आधीच ठेवलेली होती. मशीनवाल्या बाईने ती पायाने पुढे सरकवली आणि हात देऊन त्याला पाच पायऱ्या खाली उतरवले. खालच्या पायरीवर तो बसला, बादली गुडघ्यांत धरली आणि डोळे मिटले. मिटल्यावर जास्तच फिरायला लागले, म्हणून पुन्हा उघडले.

"किती झाली?" त्याने विचारले.

"नऊ मिनिटं."

"वीस हवी होती ना?"

"वीस," बाई म्हणाली. तिने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि घड्याळ बंद केले.

डेपोच्या मागच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी टायर रचून ठेवत, तिथे ते मशीन येऊन तीन महिने झाले होते. बसचे नुसते तोंड होते ते. काच, स्टेअरिंग, चालकाची खुर्ची, दोन्ही बाजूंचे आरसे. मागचे सगळे कापून टाकलेले. ते तोंड सहा जाड लोखंडी पायांवर उभे होते. पाय आत-बाहेर सरकत आणि तोंड पुढेमागे, आडवेतिडवे कलत राही. समोर अर्धगोल पडदा आणि पडद्यावर रस्ता. चालकांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव सहा पायांची बस असे ठेवले होते. वरून हुकूम असा की पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने त्यात वीस मिनिटे चालवून दाखवायचे. दोन वेळा बसता येईल. दोन्ही वेळा जमले नाही तर स्टेअरिंग सोडायचे आणि धुलाईला जायचे, म्हणजे दुसऱ्यांनी चालवून आणलेल्या बस धुवायच्या. याला निवृत्तीला तीन वर्षे राहिली होती.

डेपोत त्याला लोणी म्हणत. कुठल्याशा जुन्या कंडक्टरने ठेवलेले नाव. लोणीच्या बसमध्ये उभ्या माणसाने दांडा सोडून खिशातली चिल्लर शोधली तरी चालायचे, इतका त्याचा ब्रेक अलगद लागायचा. बाकी त्याच्याकडे मिरवण्यासारखे काही नव्हते. अक्षरे तो विशीत शिकला, तीही बसवरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून, आणि अजून सही करताना जीभ दाताखाली धरी.

बाईने कागद पुढे केला. मशीनमधून उतरलेल्या प्रत्येकाला ती तेच प्रश्न विचारी. डोके दुखते का, मळमळते का, घाम आला का. मग शेवटचा प्रश्न: गाडी थांबताना किती खरी वाटली, एक ते दहा.

"दोन," लोणी म्हणाला.

"दोनच? शिकायला येणारी नवी मुलं नऊ देतात."

"देतील. मला तर मधेच उतरावंसं वाटत होतं. बाई, तुमची गाडी थांबत नाही. वाकते."

"म्हणजे?"

"ब्रेक दाबला की आधी रस्ता थांबतो. मग मागून कुणीतरी खुर्ची उचलून मला पुढं वाकवतं. माझं थांबून झालेलं असतं, तेव्हा हिचं थांबणं सुरू होतं." त्याने तोंड पुसले. "उशिरा येणाऱ्या पाहुण्यासारखं. आपण आवरून बसलेलो आणि हा दार वाजवतोय."

बाई हसली नाही. तिने ते जसेच्या तसे लिहून घेतले. तिची ती सवयच होती. चालकांनी मशीनला दिलेली शिवीसुद्धा ती लिहून ठेवी, असे लोक सांगत.

मग तिने त्याला गादीवर उभे केले. मशीनच्या शेजारी स्पंजची एक जाड गादी होती. उतरलेल्या माणसाने तिच्यावर पाय जुळवून, हाताची घडी घालून, डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहायचे. तोल ठीक असला तरच त्याला सोडायचे, असा नियम होता. लोणी दोन्ही बाजूंना झुलला, पण उभा राहिला.

डेपोचे साहेब दारातून सगळे पाहत होते. ते जवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाचं असतं हे," ते म्हणाले. "घाबरलात की होतं असं. पुढच्या गुरुवारी या, घरी जाऊन आराम करा."

त्याचा कंडक्टर बाहेर उभा होता. चौदा वर्षांचा जोडीदार. कुणी न विचारता वेळ सांगायची खोड म्हणून त्याला सगळे घड्याळ म्हणत.

"लोणी वितळलं म्हणतात," घड्याळ म्हणाला.

"ओकलो."

"दिसतंय. शर्टावर आहे. चला, बारा वाजून दहा झालेत, मी सोडतो घरी."

दार बायकोने उघडले. तिचा डावा हात नेहमीप्रमाणे भिंतीवर होता. भिंत धरलेली नव्हती. नुसती बोटांची टोके टेकलेली. अशीच ती घरभर फिरे, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून मोरीपर्यंत. तिच्या कमरेच्या उंचीवर सगळ्या भिंतींवरून एक मळकट रेघ गेली होती. लोणीने दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा वर्षाच्या आत रेघ परत उमटली. दुसऱ्या वेळी ब्रश धुताना तो पुटपुटला होता, तेवढेच.

आठ वर्षांपूर्वी तिच्या रक्तात ताप शिरला होता. तीन आठवडे ती दवाखान्यात होती, रोज इंजेक्शन. वाचली. पण घरी आली ती वेगळीच होऊन. जमीन गादीसारखी लागते, म्हणायची. चालताना समोरची पाटी उड्या मारते, उभी राहिले की मगच वाचता येते. दिवस मावळला की ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. पहिल्या वर्षी लोणी तिला तीन डॉक्टरांकडे घेऊन गेला. अशक्तपणा, तिघेही म्हणाले, आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्या वर्षी त्याने विषय काढणे सोडले. तिसऱ्या वर्षी एकदा चपला घालता घालता तो म्हणाला, "तुझे मनाचे खेळ आहेत सगळे." रागाने म्हणाला नव्हता, उलट समजुतीच्या सुरात म्हणाला होता. त्यानंतर तिने जमिनीबद्दल काही सांगितले नाही.

"काय झालं?" तिने शर्टाकडे बघत विचारले.

"उभ्या गाडीत ओकलो."

"उभ्या?"

"हसायचं तर हस."

"हसत नाही. शर्ट काढा आधी."

तो आडवा झाला. छत हळूहळू डावीकडे जात होते आणि जागेवर परत येत होते. ती पलंगाच्या कडेला बसून थोरलीच्या बाळासाठी जुन्या साडीचे दुपट्टे शिवत होती.

"साहेब म्हणाले, मनाचं आहे," तो म्हणाला.

तिची सुई कापडात गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली. मग तिने दोरा ओढून घेतला.

त्याला आपण काय बोललो ते जरा उशिराने कळले. तो काहीतरी म्हणणार होता, पण छत पुन्हा निघाले.

"अजून फिरतंय," तो म्हणाला.

"भिंतीला हात लावा."

"हात लावून काय होणार?"

"लावून तर बघा. धरू नका, नुसती बोटं टेका."

त्याने हात लांब करून भिंतीला बोटे टेकली. छत दोनदा हलले आणि थांबले.

"थांबली खोली?" तिने विचारले.

"थांबली."

"लगेच सोडू नका," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

मशीनवाल्या बाईने घड्याळजवळ निरोप धाडला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामे असते, सरावाला यायचे असेल तर या. लोणी निघाला तेव्हा बायको साडी बदलून तयार होती.

"तू कुठं?"

"तुमच्याबरोबर. परत ओकलात, पडलात, तर कुणी धरायचं?"

"तू धरणार मला?"

"मी भिंत धरीन, तुम्ही मला धरा."

रस्त्याने ती त्याच्या कोपराला दोन बोटे लावून चालली. दिवसाउजेडी, सपाट रस्त्याने, तिला वाटेत फक्त दोनदा थांबावे लागले. शेडमध्ये शिरल्यावर तिने ते सहा लोखंडी पाय, वरची खोली, पडदा असे सगळे खालून वर पाहिले.

"ही हलते?" तिने बाईला विचारले.

"हलते की. खूप हलते. तुम्ही इथं खुर्चीवर बसा, काकू."

लोणी वर चढला. यावेळी त्याने ठरवून ठेवले होते की ब्रेक लवकर दाबायचा, हळू दाबायचा, वळणावर मान ताठ ठेवायची. पडद्यावर ऊन होते, झाडे होती, थांब्यावर कागदी वाटणारी माणसे होती. त्याने पहिल्या थांब्यावर गाडी घेतली. रस्ता थांबला. मग खुर्ची वाकली. त्याने सवयीने आतल्या आरशात पाहिले, मागे उभ्या माणसांना धक्का बसला का ते बघायला. आरशात शेडचे पत्रे होते.

अकराव्या मिनिटाला त्याने हात वर केला.

बादली, पायऱ्या, पाण्याचा ग्लास. सगळे आठवड्यापूर्वीसारखेच. तो खाली मान घालून बसला. मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता. गुरुवार दोन दिवसांवर होता.

"बाई," तो म्हणाला, "धुलाईला माणसं कमीच आहेत नाहीतरी."

"अजून गुरुवार आहे," बाई म्हणाली. तिच्या आवाजात फारसा दम नव्हता.

बायको खुर्चीवरून उठली होती. मशीनच्या पायरीला बोटे लावून ती उभी होती.

"मी बसू का थोडा वेळ?" तिने विचारले.

"तू?" लोणी म्हणाला. "तुला घरात चालवत नाही."

"चालवत नाही म्हणूनच बसते म्हणतेय. खुर्चीच आहे ना?"

बाईने घड्याळात पाहिले, दाराकडे पाहिले. "पाच मिनिटं," ती म्हणाली. "पट्टा लावा. काही वाटलं तर हात वर करा."

तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. पहिल्याच वळणाला बस फुटपाथवर चढली आणि सहाही पाय कचकचून खालीवर झाले. तिने ब्रेक दाबला तो अख्खा पाय देऊन. खोली पुढे झुकली, आपटली, मागे आली.  लोणी खाली उठून उभा राहिला. पण वर खिडकीत ती पाठ ताठ ठेवून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते त्याने आठ वर्षांत पाहिले नव्हते. ती मजेत होती.

"अहो, थांबा आला की काय करायचं?" तिने वरून ओरडून विचारले.

"थांबायचं!"

"आणि कुणी नसलं तर?"

"तरी थांबायचं!"

पाच मिनिटांची वीस झाली. बाईनेच बंद केले. बायको पायरीला बोटे लावत खाली उतरली आणि खुर्चीवर बसून तिने केसांवरून हात फिरवला.

बाईने कागद काढला. "डोकं दुखतंय?"

"नाही."

"मळमळ? घाम?"

"नाही हो. काही नाही."

"अजिबात काही नाही?"

"मी तर म्हणणार होते, अजून पाच मिनिटं द्या." ती लोणीकडे वळली. "आणि तुम्ही म्हणे तीस वर्षं चालवता."

लोणी हसला. आठवड्यात पहिल्यांदा हसला. बाईसुद्धा हसली, पण लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिने कागदावरच्या रांगेने आलेल्या शून्यांकडे पाहिले, मग वर रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"नियम आहे काकू," ती म्हणाली. "गादीवर उभं राहायचं. पाय जुळवून, हाताची घडी."

"एवढंच ना?" बायको गादीवर चढली. पाय स्पंजमध्ये रुतले तशी थोडी चाचपडली, पण समोरच्या खिडकीवर नजर लावून उभी राहिली.

"आता डोळे मिटा."

तिने डोळे मिटले आणि ती पडली. झुलली नाही, पाय सावरला नाही, हात पुढे केला नाही. टेकवून ठेवलेली काठी घसरावी तशी आडवी आली. लोणी दोन पावलांवर होता. त्याने तिला बगलेत धरले तेव्हा तिचे डोळे उघडलेले होते आणि चेहऱ्यावर नुसते नवल होते.

"मी पडले?" तिने विचारले.

बाई खाली गुडघ्यांवर बसली. "काकू, तुम्हाला कधी खूप दिवस इंजेक्शनं दिली होती?"

"तीन आठवडे. आठ वर्षं झाली."

"अंधारात चालता येतं?"

बायकोने लोणीकडे पाहिले. "नाही," ती म्हणाली.

 बाई कागद उलटा करून मांडीवर ठेवत म्हणाली, "मी डॉक्टर नाही. तुम्ही कानाच्या डॉक्टरला दाखवाच. पण आम्हाला शिकवताना सांगतात की हे मशीन कमीजास्त सगळ्यांनाच लागतं. ज्याला खऱ्या गाडीची सवय, त्याला जास्त. डोळ्यांना एक कळतं, कानाच्या आतल्या तोलाला दुसरं कळतं, आणि दोघांचं भांडण पोटात उतरतं." ती थांबली. "कधीच लागत नाही ते फक्त एकाच प्रकारच्या माणसांना. ज्यांच्या कानातला तो तोल गेलेला असतो. त्यांच्यात भांडायला दुसरं कुणी उरलेलंच नसतं. काही इंजेक्शनांनी जातो तो. ताप जातो, माणूस वाचतं, आणि हे जातं."

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याची नखे ऐकू येत होती.

"परत येतो?" लोणीने विचारले.

"बहुतेक नाही."

बायको गादीच्या कडेवर बसून होती. ती रडेल असे त्याला वाटले. तिने हळूच पदर सारखा केला.

"म्हणजे मनाचं नव्हतं," ती म्हणाली.

बाईला वाटले आपल्याला विचारले. "नाही, काकू. मनाचं कुठलं."

लोणी खाली बसला होता. त्याने आपल्या बुटाची नाडी सोडली, परत बांधली. घट्ट झाली म्हणून पुन्हा सोडली.

घरी जाताना ती नेहमीसारखी दोन बोटे त्याच्या कोपराला लावून चालली. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी तो स्वतःच थांबला आणि उभा राहिला. ती पाटी वाचून होईपर्यंत.

गुरुवारी त्याने सतरा मिनिटे काढली. पडद्यावर एक बाई पिशवी घेऊन रस्त्यात आली. त्याने ब्रेक दाबला, जसा आयुष्यभर दाबला तसा, पायाच्या अंगठ्याने आधी विचारून. रस्ता थांबला. पिशवीवाली बाई वाचली. मग खुर्ची उठली आणि उशिराने त्याला पुढे वाकवायला लागली, आणि बादली मागायच्या आतच तो ओकला.

मशीनवाल्या बाईने घड्याळ बंद केले, पण आकडा लिहिला नाही. शेडमध्ये दोघेच होते.

"तीनच मिनिटं राहिली होती," ती म्हणाली.

"सतरा झाली. सतरा लिहा."

"मी काय लिहिते ते इथं कुणी तपासत नाही."

"तुम्ही शिव्यासुद्धा जशाच्या तशा लिहिता म्हणतात." त्याने तोंड धुतले, रुमाल पिळला. "आता एकट्या माझ्यासाठी नका बिघडू. सतरा लिहा. आणि वाकते, उशिरा वाकते, तेही लिहा."

तिने लिहिले. मग पेन तसेच हातात ठेवून म्हणाली, "ही हालचाल कशी बसवली ठाऊक आहे? बनवणाऱ्यांनी शिकाऊ मुलांना बसवलं आणि विचारलं, खरं वाटतं का? ती म्हणाली, वाटतं. नऊ दिले, दहा दिले. मी कालच जुने कागद काढून बघितले. त्यातल्या एकानंही तोवर बस चालवलेली नव्हती."

लोणीने मान हलवली. त्याला त्यात नवल वाटले नाही.

सोमवारपासून तो धुलाईला गेला. रबरी बूट, लांब नळी, साबणाचे पाणी. दुपारी घड्याळ येऊन नव्या चालकाच्या तक्रारी सांगे. "ब्रेक मारतो की घण मारतो कळत नाही. काल एक आजोबा माझ्या मांडीवर येऊन बसले. सव्वातीन झाले, निघतो." लोणी नळी बंद न करता ऐके.

धुलाईच्या मागेच मोडीतल्या बस उभ्या असत. काचा गेलेल्या, चाके गेलेली, पण आतले दांडे जागेवर. उभ्या माणसांनी धरून धरून मधला रंग उडालेले पाईप. दुसऱ्या महिन्यात लोणीने साहेबांकडे रीतसर अर्ज केला आणि एका मोडक्या बसचे सगळे दांडे सोडवून घेतले. रविवारी सकाळी घड्याळ आणि तो मिळून ते भिंतीत ठोकत बसले. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून मोरीपर्यंत, सगळे मळकट रेघेवरून. उंची मोजायला पट्टी लागली नाही. मोरीपाशी त्याने एक लहान दिवाही लावला, रात्रभर चालू ठेवायचा.

बायकोने एकदा दारापासून मोरीपर्यंत जाऊन पाहिले. बोटे पाईपवरून सरकत गेली.

"घंटी राहिली," ती म्हणाली. "उतरायचं असलं तर काय वाजवू?"

"घड्याळला हाक मार," लोणी म्हणाला.

दहा महिन्यांनी हुकूम बदलला. मशीनवाल्या बाईने एक अहवाल पाठवला होता आणि तो वर कुणीतरी वाचला होता. पन्नाशीपुढच्या एक्केचाळीस चालकांपैकी एकतीस मशीनमध्ये नापास झाले होते. ज्यांच्या नावावर एकही अपघात नव्हता, ते सगळ्यांत आधी ओकले होते. अहवालात 'थांबत नाही, वाकते' हे शब्द अवतरणात होते, असे घड्याळ सांगे. त्याने तो कुणाच्या टेबलावर पाहिला होता. जुन्या चालकांची परीक्षा रस्त्यावर घ्यायचे ठरले. मशीन दुरुस्तीला गेले. लोणीने रस्त्यावर चाळीस मिनिटे बस चालवून दाखवली. शेजारी बसलेल्या परीक्षकाने अर्ध्या वाटेत कागद मिटून खिशात घातला.

पुन्हा स्टेअरिंगवर बसल्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या दुसऱ्या फेरीला, बायको थांब्यावर उभी होती. ती येणार हे त्याला माहीत नव्हते. नऊ वर्षांत ती बसमध्ये चढली नव्हती. दाराचा दांडा धरून ती एकेक पायरी वर आली.

"वहिनी, तिकीट काढावं लागेल," घड्याळ म्हणाला. "ओळखी चालत नाहीत. नऊ पस्तीस झालेत, बसून घ्या."

ती लोणीच्या बरोबर मागच्या सीटवर बसली आणि दोघांमधल्या दांड्याला तिने दोन बोटे लावली. आतल्या आरशात त्याला तिचा भांग आणि कपाळ दिसत होते. बसमध्ये दहाबारा माणसे होती. त्याने गिअर टाकला.

 वाटेत खिडकीतून ऊन येऊ लागले तसे तिने डोळे मिटले. बोटे दांड्यावरच होती. शेवटच्या थांब्यावर त्याने ब्रेक लावला. दार उघडले, माणसे उतरायला लागली. ती तशीच बसून राहिली. घड्याळने तिच्याकडे पाहिले, लोणीकडे पाहिले.

"अहो," ती डोळे मिटूनच म्हणाली, "थांबली का?"

"केव्हाच."

तिने डोळे उघडून बाहेर पाहिले. "मला कळलंच नाही."

"म्हणून तर लोणी म्हणतात, वहिनी," घड्याळ म्हणाला.

ती हसली. घड्याळही हसला. लोणी आरशात बघत राहिला. तीस वर्षे हेच वाक्य तो लोकांकडून ऐकत आला होता. त्याने हँडब्रेक ओढला, खुर्चीवरून उठला आणि तिला उतरवायला हात पुढे केला.

नात सहावीत गेली त्या वर्षी, शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी, त्याची बायको वारली. ती पडली नाही. मधल्या अकरा वर्षांत ती एकदाही पडली नाही. सकाळी चहा घेऊन ती पुन्हा जरा आडवी झाली आणि झोपेतच गेली. डॉक्टरांनी वेळ साडेआठ लिहिली. लोणी तिच्या उशाशीच बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याला कळले नाही.